गच्चीवरचा बंब

बाबांना आयुष्यात मित्र असा एकच होता, आणि त्याच्याविरुद्धच्या तक्रारीवर पहिली सही बाबांचीच होती. तक्रार लिहिली मी. ती बरोबर होती असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते. या गोष्टीवर माझ्याशी वाद घालायला कुणी येऊ नये, कारण मी ऐकणार नाही. पण त्या तक्रारीनंतर ते दोघे पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि तो अबोला आमच्या घरात एखाद्या माणसासारखा येऊन राहिला. त्याबद्दल मला रडू येतं तेव्हा येतं.

हा मित्र म्हणजे काका, पण आमचे सख्खे काका नव्हेत. मालवणाकडे आमच्या गावाच्या आणि त्यांच्या गावाच्या मध्ये एक व्हाळ आहे, गुडघाभर पाण्याचा. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. मुंबईत दोघे एकाच मिलमध्ये एकाच साचेखात्यात. बाबा साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे, काका बिघडलेले साचे दुरुस्त करायचे. बाबा सांगायचे की साचा कुरकुरायला लागला की काका नुसता कान लावून कुठला दात झिजलाय ते ओळखत. डबा दोघांनी एकत्र खायचा, बिडी एकाने पेटवायची आणि दुसऱ्याने संपवायची. संपानंतर मिलचं फाटक त्यांच्यासाठी पुन्हा उघडलंच नाही. तेव्हा बाबांनी लालबागची खोली विकली आणि आम्ही बोरीवलीला, पार जंगलाच्या बाजूला, तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आलो. मरोळच्या एका कारखान्यात त्यांना स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. काकांना त्याच औद्योगिक वसाहतीत, दोन गाळे सोडून, एका वर्कशॉपमध्ये फिटरचं काम लागलं.

त्या वर्कशॉपचा धंदा नवा होता. उन्हावर पाणी तापवायचे बंब. सरकार तेव्हा या गोष्टीला उत्तेजन देत होतं आणि असे गाळे कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते. आता गंमत ऐका. घरात विजेची तार ओढायची तर लायसनवाला इलेक्ट्रिशियन लागायचा. पालिकेच्या नळाला हात लावायचा तर लायसनवाला प्लंबर लागायचा. पण सूर्याला हात लावायला कुणाचंच लायसन लागत नव्हतं. काल साचा दुरुस्त करणारा माणूस आज गच्चीवर चढून सूर्य नळात आणू शकत होता, आणि कुणी त्याला विचारत नव्हतं की बाबा रे, तुला हे शिकवलं कुणी.

बाबा तोपर्यंत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले होते. मिल गेल्यावर माणूस आतून मोडला होता. सेक्रेटरी झाला आणि पुन्हा ताठ चालायला लागला. जिन्यातले दिवे, टाकीची सफाई, कचऱ्याचा डबा, सगळ्यात लक्ष. लोक त्यांना विचारूनच घरात खिळा ठोकायचे. त्यांनी सभेत बंबाचा विषय काढला. जंगलाजवळ थंडी बरी पडायची, रॉकेलची रांग तर बारमाही होती, त्यामुळे सगळे खूश. फक्त पहिल्या मजल्यावरचे चेअरमन, जे बँकेत होते, त्यांनी विचारलं, "माणूस कोण आहे? लायसन-बियसन काही आहे का त्याच्याकडे?"

बाबा हसले. "अहो, त्याचं गाव माहीत आहे मला. त्याच्या बापाला ओळखतो. अजून काय लायसन पाहिजे?"

सभेत कुणाला यात चूक दिसली नाही. आमच्याकडे माणूस तपासायची पद्धतच ती. आधी गाव विचारायचं, मग वाडी, मग देऊळ कुठलं. तिन्हींची उत्तरं जुळली की माणूस पास. मीसुद्धा त्या सभेत मागे बसून मान डोलावली होती. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, आणि त्या दिवशी आमच्या इमारतीतली सगळी मुखं एकच बोलत होती.

बंब बसला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. काळे पत्रे काचेखाली तिरके लावलेले, मागे गोल टाकी, आणि टाकीच्या डोक्यावरून वर निघालेली एक उभी नळी. काकांनी सगळं पुसून लख्ख केलं आणि पिशवीतून नारळ काढला. "गाऱ्हाणा घातल्याशिवाय चालू करूचा नाय," म्हणाले. अख्खी इमारत गच्चीवर जमली होती. काका नारळ हातात धरून, मान वर करून, गावात घालतात तसं मोठ्या आवाजात सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या गच्चयेर तुझ्या लेकरांनी सूर्याचो बंब बसवलो हा, तेका बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबा ओरडले.

"घराघरात सुख-समाधान ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आई, मी आणि खालची दोन कोकणी बिऱ्हाडंही.

"कोणाची वाकडी नजर पडली आसात तर ती समुद्रात बुडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी तर पहिल्या मजल्यावरचं गुजराती कुटुंबही. त्यांच्या सासूबाईंना शब्द फार आवडले. पुढे कितीतरी दिवस त्या मला जिन्यात बघितलं की हसून "व्हय म्हाराजा" म्हणायच्या.

नारळ फुटला, खोबरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी नळातून कढत पाणी आलं. त्या थंडीत बाबांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी मिलच्या पगारी दिवसांतही पाहिलं नव्हतं. सकाळी बादली भरताना आत न्हाणीतून त्यांचं गुणगुणणं ऐकू यायचं. काका रविवारी यायचे, दार वाजवून आल्याची वर्दी द्यायचे, गच्चीवर जाऊन बंबावर हात फिरवायचे आणि मग जेवायला बसायचे. आई त्यांना तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं वाढायची. ती त्यांना भावजी म्हणायची, ते तिला वैनी.

मग उन्हाळा आला आणि गच्चीवर वाळवणं आली. जिथे बंबाला ऊन तिथेच पापडालाही ऊन, दोघांना जागा एकच हवी. आई तांदळाच्या फेण्या करायची, पातळ, आरपार उजेड दिसेल अशा. धुतलेलं लुगडं पसरून त्यावर ओळीने मांडायची. आणि बंबाच्या डोक्यावरची ती उभी नळी दुपारी तापली की थुंकायची. गरम, गंजाच्या रंगाचे थेंब नेमके फेण्यांवर. आईने लुगडं सरकवून पाहिलं, पण वारा फिरला की पुन्हा तेच. एका रविवारी मी तिच्यासोबत फेण्या उलटत होते आणि काका वर आले.

"भावजी, ही तुमची नळी माझ्या फेण्यांवर थुकता बघा," आई म्हणाली. "बंद करा बघू तिका."

"वैनी, ती हवेक ठेवलली आसा. वर्कशॉपात सांगितलेला, लावूकच होयी म्हणान."

"कसली हवा? पाणी तर नळाक येताच आसा ना? मग तिचो उपयोग काय?"

काका नळीकडे बघत राहिले. उपयोग त्यांनाही ठाऊक नव्हता. लावायला सांगितली म्हणून लावली होती. कशासाठी हे वर्कशॉपमध्ये कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. वर वैनीचं तोंड उतरलेलं, हातात डाग पडलेली फेणी. ते म्हणाले, "बरा. तुमी सांगतास तर करतंय."

आणि त्यांनी नळीच्या तोंडाला बूच बसवलं. काकांचं काम नेहमीच पक्कं. सुतळी गुंडाळून, सफेदा लावून, पान्याने दोन्ही हातांनी आवळून बसवलं. एखाद्या कामचुकार माणसाने ते ढिलं बसवलं असतं तर वाफेने उडून गेलं असतं आणि आईचा हात वाचला असता.

मे महिन्यात आमची इमारत रिकामी झाली. कोकणी माणसं गावाला, गुजराती त्यांच्या गावाला. महिनाभर नळ उघडायला कुणी नाही आणि वर ते काळे पत्रे रोज उन्हात. तापलेलं पाणी मागे इमारतीच्या थंड पाण्याच्या टाकीत जाऊ नये म्हणून खालच्या बाजूला एकतर्फी झडप होती, आणि वरच्या बाजूला काकांचं बूच. कोंडलेल्या वाफेला वाट उरली होती ती फक्त घराघरातल्या नळांची.

आम्ही सगळ्यांच्या आधी परतलो. सकाळची वेळ, एसटीच्या प्रवासाने अंग आंबलेलं. बाबा खालून आंब्याची पेटी आणत होते. आई म्हणाली, "आधी आंघोळ करतंय गो. बंब महिनाभर तापलोहा, मजा येतली." ती न्हाणीत गेली आणि नेहमीसारखा पाण्याखाली उजवा हात धरून तिने नळ सोडला. पाणी किती गरम ते ती हातानेच बघायची, सगळ्या बायका बघतात तसं.

नळ ओरडला. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. पाणी आलं नाही, आधी पांढरी वाफ आली, आणि मग वाफेसकट उकळतं पाणी भिंतीपर्यंत उडालं. मी टॉवेल घेऊन न्हाणीच्या दारात उभी होते. आईला मागे सरता आलं असतं. दार मागेच होतं. पण दारात मी होते, म्हणून तिने त्याच हाताने चाचपत तो नळ आधी बंद केला, आणि मग खाली बसली.

पुढचं मी फार सांगणार नाही. पालिकेच्या हॉस्पिटलात ती बरेच दिवस होती. हात वाचला, पण उजव्या हाताची बोटं आत वळली ती वळलीच. त्यानंतर तिला भाकरी थापता आली नाही, फेणी घालता आली नाही. जेवायची डाव्या हाताने, चमच्याने, आणि कुणी पाहुणा असेल तर आमच्यानंतर एकटी. देवळात तीर्थ घ्यायला डावा हात पुढे करावा लागायचा, म्हणून तिने देवळात जाणं सोडलं. ज्या बाईच्या हाताला चव आहे असं सगळी वाडी म्हणायची, तिचा तो हात पदराखाली राहायला लागला.

काका हॉस्पिटलात रोज यायचे. डब्यात पेज असायची. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बाबांच्या शेजारी बसायचे, डबा मध्ये ठेवून. दोघेही समोरच्या भिंतीकडे बघत. नर्सने हाक मारली की काका डबा माझ्या हातात देत आणि विचारत, "काय म्हणतत डॉक्टर?" आत येऊन आईला बघायचं धैर्य त्यांना झालं नाही. आईनेच एकदा बाबांना जवळ बोलावून सांगितलं, "नळी बंद करा म्हणान मीच सांगितलेलंय भावजींका. त्यांका काय बोलू नकात." बाबांनी तिच्या कपाळावर नुसता हात ठेवला.

मी बोलले. मी कशाला गप्प बसते? "तू सांगितलंस म्हणून काय झालं? तुला काय माहीत असणार? त्यांना माहीत असायला हवं होतं ना!" आईने भिंतीकडे तोंड केलं.

मी आधी मरोळला गेले, त्या वर्कशॉपच्या मालकाला जाब विचारायला. गाळ्याचं शटर उघडं होतं, पण आत प्लॅस्टिकच्या बादल्या रचलेल्या आणि वर पाटी दुसरीच. बंबवाले एका रात्रीत गाशा गुंडाळून गेले होते, कुठे ते शेजारच्या गाळ्यालाही ठाऊक नव्हतं आणि काकांनाही. ज्याने नळी कशासाठी ते न शिकवता माणसाला गच्चीवर चढवलं, तो मालक हवेत विरून गेला होता. मागे उरले काका. त्यांचा पत्ता आम्हाला माहीत होता, गाव माहीत होतं, वाडी माहीत होती. ज्या गोष्टी विचारून बाबांनी त्यांना पास केलं होतं, त्याच गोष्टींमुळे ते सापडत होते. फसवणारा कधी सापडत नाही. सापडतो तो, जो पळून जात नाही.

इकडे सोसायटीत सूर बदलला होता. "तुमचा माणूस, सेक्रेटरी," चेअरमन म्हणाले. वाईटपणे नव्हे, पण म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. उद्या त्यांच्या नातवाच्या अंगावर तो नळ उघडला असता. माझ्या ऑफिसात एक बाई ग्राहकांच्या हक्कांवरच्या व्याख्यानांना जायच्या. त्यांनी मला सांगितलं की नवा कायदा आलाय, ग्राहकांसाठी वेगळा तक्रार मंच सुरू झालाय, वकील लागत नाही, फी लागत नाही, साध्या कागदावर लिहून द्यायचं. मी लिहिलं. मालक आणि फिटर, दोघांविरुद्ध. कमिटीने ठराव केला आणि सही करायला कागद बाबांपुढे आला, कारण सेक्रेटरी ते होते.

आई तेव्हा घरी आली होती. म्हणाली, "शहाण्यान कोर्टाची पायरी चढू नये."

"हे कोर्ट नव्हे गं. हे ग्राहकांसाठी आहे."

"ग्राहक कोण?"

"आपण."

"मगे भावजी कोण?"

"ते... ज्यांनी विकलं ते. दुकानदार म्हण."

"भावजी दुकानदार?" आई हसली. हात भाजल्यानंतर पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली.

बाबांनी पेन उचललं. मी समोरच होते. ते मला म्हणाले, "मिलमधे बॉयलराक सर्टिफिकेटवाल्याशिवाय कोणाक हात लावूक देत नसत. फोरमनाकसुद्धा नाय. मी गच्चयेर बॉयलर बसवलंय गो, आणि माका कळला नाय." मग त्यांनी सही केली. काकांना त्यांनी निरोपही पाठवला नाही. नोटीसच गेली.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. सरकारी इमारतीतली साधी खोली, भिंतींना अजून रंगाचा वास. समोर तिघं बसलेली, मधले अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, पांढऱ्या केसांचे, शांत. मालकाची नोटीस परत आली होती. काका एकटेच उभे होते, धुतलेला सदरा घालून, दोन्ही हात पुढे बांधून, देवळात उभे राहतात तसे. बाबांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. बाबा त्यांच्याकडेच बघत होते.

अध्यक्षांनी आधी बाबांना विचारलं, "सेक्रेटरी म्हणून काम देताना तुम्ही यांचं लायसन किंवा शिक्षण पाहिलंत का?"

"गाव माहीत होतं साहेब," बाबा म्हणाले.

मागे बसलेली माणसं हसली. माझ्या अंगाची आग झाली. हसणाऱ्यांच्या कानफटात मारावी असं वाटलं, आणि त्याच वेळी हेही ठाऊक होतं की माझ्या तक्रारीचा सगळा मुद्दा नेमका तोच होता.

मग काकांची पाळी. "हवेची नळी तुम्ही लावली होती?"

"व्हय साहेब."

"मग ती बंद कुणी केली?"

"मीच."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

काकांची नजर आईकडे गेली. आईचा हात पदराखाली होता. "कोणी सांगूक नाय साहेब," ते म्हणाले. "माजो मीच बंद केलंय."

बाबांची मान खाली गेली. आणि माझ्या शेजारून आई उठली. आयुष्यात चार माणसांपुढे कधी न बोललेली बाई. "खोटं बोलतात ते," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं. माझ्या फेण्या भिजत होत्या."

खोलीत कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही बसा. तुम्ही सांगितलंत यात तुमचा काही दोष नाही. तुम्हाला ठाऊक असायचं कारण नव्हतं." मग काकांना म्हणाले, "आणि तुम्हाला त्यांनी सांगितलं, तर तुम्ही नाही का म्हणाला नाहीत? ज्याच्या हातात पाना, त्याला नाही म्हणता आलं पाहिजे. लायसन म्हणजे दुसरं काय असतं?"

काकांनी खूप वेळ विचार केला. खरंच विचार केला, उत्तर सापडेल म्हणून. मग म्हणाले, "वैनीक नाय कसा म्हणू साहेब?"

निकाल आमच्या बाजूने लागला. भरपाईचं काहीतरी होतं, ते काकांनी कुरकुर न करता दिलं. त्यासाठी गावचं काय गेलं ते आम्ही विचारलं नाही. आणि आदेश असा की बंब लायसनवाल्या प्लंबरच्या देखरेखीखाली त्यांनीच दुरुस्त करून द्यावा. जिन्यात मी काकांच्या मागून उतरत होते. बाबा वरच्या पायरीवर थांबले आणि काका पूर्ण खाली जाईपर्यंत तसेच उभे राहिले.

काका आले ते एका रविवारी सकाळी, पूर्वी यायचे त्याच वेळेला. फक्त या वेळी दार न वाजवता सरळ गच्चीवर गेले. सोबत प्लंबर होता, पालिकेचं लायसन असलेला, तोंडात पान. आमचं घर गच्चीच्या लगत खाली, त्यामुळे पान्याचा आवाज छतातून येत होता. बाबा पलंगावर बसून होते. आईने डाव्या हाताने चहा केला, सांडत सांडत, आणि मला म्हणाली, "दोन कप वर नेऊन दी. बिस्किटाही ने."

मी वर गेले तेव्हा काकांनी बूच काढलं होतं. ते प्लंबरला विचारत होते, "पन इसका पानी नीचे पापड पे गिरता है, उसका क्या करनेका?"

प्लंबरने वर नळीकडे पाहिलं, बाजूला पिंक टाकली आणि म्हणाला, "एक बेंड मार दो. मुंह उधर घुमा दो, पानी बाहर गिरेगा. बस."

एवढंच. एक वाकडा तुकडा. नळीही उघडी राहिली असती आणि फेण्याही कोरड्या राहिल्या असत्या. त्या माणसाला ते सुचायला पान चघळण्याइतकाही वेळ लागला नाही, कारण त्याला कुणीतरी कधीतरी शिकवलं होतं. काका हातात पाना घेऊन उभेच होते. मग त्यांनी तो बेंड पिशवीतून काढला. पिशवीत होताच, तेव्हाही असेल. तो त्यांनी सुतळी गुंडाळून नीट बसवला, तोंड कठड्याबाहेर केलं. चहा घेताना मला म्हणाले, "वैनीचो हात कसो आसा?"

"तसाच आहे," मी म्हणाले.

"बाबा येतले वर?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी कप माझ्या हातात दिला. "बरा. तू जा गो चेडवा."

प्लंबर कागदावर सही करून निघून गेला. मी खाली आले आणि बाबांना सांगितलं, "एक बेंड लावायचा होता फक्त." का सांगितलं कोण जाणे. बाबांनी ऐकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तेवढ्यात छतावर नारळ फुटल्याचा आवाज आला. आणि मग काकांचा आवाज, जिन्याच्या उघड्या दारातून स्पष्ट खाली येणारा. या वेळी गच्चीवर कुणी नव्हतं, तरी ते गावात घालतात तसंच, मोठ्याने गाऱ्हाणं घालत होते.

"बा देवा म्हाराजा! ह्यो बंब आता कोणाक दुखवचो नाय असा कर रे म्हाराजा!"

आणि ते थांबले. सवयीने थांबले. गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं असतं, माणसांनी होकार द्यावा म्हणून.

बाबांनी हात तोंडावरून काढले. छताकडे बघत, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"माज्या वैनीच्या हातात बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिचेही ओठ हलले.

"माज्या हातसून चूक झाली ती पोटात घाल, आणि माज्या भावाक सुखी ठेव रे म्हाराजा!"

बाबांचा आवाज या वेळी फुटलाच नाही. ओठ तेवढे हलले. मी म्हणाले, "बाबा, वर जा ना." ते उठले, दारापर्यंत गेले, कडीला हात लावून उभे राहिले. जिन्यात काकांची पावलं वाजली, आमच्या दाराशी आली, थोडी थांबली आणि खाली गेली. बाबांनी दार उघडलं नाही.

काका त्याच वर्षी गावाला गेले ते परत मुंबईला आले नाहीत, आणि काही वर्षांनी तिकडेच वारल्याची बातमी आली. त्या रविवारी फुटलेल्या नारळाची एक कवड ते बंबाच्या पायथ्याशी ठेवून गेले होते. बाबांनी ती संध्याकाळी खाली आणली. आईला एका हाताने खवणीवर बसता येत नव्हतं, म्हणून खोबरं मी खवलं.